पॅलाडिन कोणाचा चाकर? एका खेळातली पुरोहितशाही आणि तिचा इतिहास

"खेळात कसले आले राजकारण?" असे विचारणारे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यांना आमचे उत्तर सोपे आहे. ज्या खेळात पुरोहित आहे, त्या पुरोहिताच्या चढत्या पदव्या आहेत, देवाने निवडलेला योद्धा आहे, आणि ही पदे कोणाला मिळतील व कोणाला जन्मभर मिळणार नाहीत याचे छापील नियम आहेत, त्या खेळात राजकारण आधीपासूनच ठाण मांडून बसलेले आहे. आपण फक्त त्याचे नाव घेतो.

हा खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. आपल्यापैकी अनेकांनी तो टेबलाभोवती बसून खेळला नसेल, पण त्याची पिल्ले घरोघरच्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर आहेत. 2023 मध्ये जगभर गाजलेला 'बाल्डर्स गेट 3' हा गेम याच खेळाच्या नियमांवर उभा आहे. लेव्हल, क्लास, हिट पॉइंट, एक्स्पीरियन्स पॉइंट हे शब्द आपली पोरे सहज बोलतात. ते रूढ करण्यात या खेळाचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणून त्यातल्या धर्मसत्तेची चिकित्सा करणे हे आम्हाला रिकामपणाचे काम वाटत नाही.

सोने मोजून चढायची शिडी

जानेवारी 1974 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून हा खेळ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या अवघ्या 1000 प्रती. खेळ असा की एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि पात्राने केलेला प्रयत्न फळला की फसला हे फासे ठरवतात. सुरुवातीला पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे धर्मगुरू.

हा धर्मगुरू आला कुठून? आर्नेसनच्या मिनेसोटातल्या मंडळीत एक खेळाडू 'सर फँग' नावाचा रक्तपिपासू व्हॅम्पायर होऊन बसला आणि कोणालाच आवरेना. त्याला रोखण्यासाठी, व्हॅम्पायरच्या सिनेमांतल्या शिकाऱ्यावरून, एक बिशप उभा करण्यात आला. म्हणजे या खेळातला पुरोहित कोणत्याही साक्षात्कारातून आलेला नाही. एक अडचण आली, तिच्यावर माणसांनी शोधलेला तो उपाय होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती लागणार आहे.

1974 च्या पुस्तिकेत क्लेरिकच्या आठ पायऱ्या आहेत: अकोलाइट, अडेप्ट, व्हिलेज प्रीस्ट, व्हिकर, क्युरेट, बिशप, लामा आणि पेट्रिआर्क. पहिल्या पायरीवरच्या अकोलाइटला एकही मंत्र येत नाही. दुसऱ्या पायरीला 1500 पॉइंट लागतात, बिशप व्हायला 25,000, लामा व्हायला 50,000 आणि पेट्रिआर्क व्हायला 1,00,000. हे पॉइंट कसे मिळतात? थोडे राक्षस मारून, पण मुख्यतः खजिना आणून. खजिन्यातले एक सोन्याचे नाणे म्हणजे साधारण एक पॉइंट. प्रार्थना, सेवा, करुणा, अभ्यास यांना त्या हिशेबात एकही पॉइंट नाही. देवाच्या जवळ जाण्याचे माप सोन्यात! पुरोहितशाहीवर टीका करण्याचा हेतू नसताना तिच्याविषयी इतके खरे क्वचितच कोणी छापले असेल.

त्यातला 'लामा' पाहा. बाकीच्या जवळजवळ सगळ्या पदव्या ख्रिस्ती चर्चच्या धाटणीच्या, आणि मध्येच तिबेटी बौद्ध परंपरेतला हा शब्द, बिशपच्या वर आणि पेट्रिआर्कच्या खाली. बौद्ध परंपरा काय सांगते, लामा कोणाला म्हणतात, याच्याशी काही देणेघेणे नाही. शिडीत एक पायरी कमी पडली, म्हणून दुसऱ्याच्या धर्मातला शब्द उचलून तिथे ठोकला.

1978 मध्ये या खेळाची मोठी, सुधारित नियमावली आली. तिच्यात एक बारीक आकडा आहे. नवव्या पायरीवरचा हाय प्रीस्ट गढी किंवा मठ बांधतो, भोवतालचा मुलूख ताब्यात घेतो, आणि मग तिथल्या प्रत्येक रहिवाशामागे त्याला महिन्याला 9 चांदीची नाणी मिळतात. त्याच उंचीवरच्या लढवय्या सरदाराला मिळतात 7. तलवारीने जिंकणाऱ्यापेक्षा घंटा वाजवणाऱ्याचा महसूल दोन नाण्यांनी जास्त. शेतकऱ्याच्या दारात कुळकर्णी आणि भट एकाच वेळी उभे राहतात, हे जोतीरावांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिले होते. अमेरिकेतल्या खेळ लिहिणाऱ्यांनी त्याचा दरच छापून टाकला.

जन्माचा फासा

आता देवाच्या योद्ध्याकडे येऊ. त्याला या खेळात पॅलाडिन म्हणतात. तो 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला आणि 1978 मध्ये त्याचे नियम पक्के झाले. हाताच्या स्पर्शाने जखमा भरणे, दुष्टपणा ओळखणे, रोगराई अंगाला न लागणे, खास घोडा मिळणे असे त्याचे वैभव. पण पॅलाडिन होणार कोण?

पहिली अट: तो मानववंशाचाच हवा. एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग, अर्ध-ऑर्क यांना दार बंद. दुसरी अट: 'करिझ्मा', म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप, किमान 17 हवी. पात्र जन्माला घालताना तीन फासे टाकून हा आकडा काढायचा असेल, तर 17 किंवा 18 पडण्याची शक्यता 216 पैकी 4, म्हणजे 54 जणांत एक. शौर्य, त्याग, अभ्यास यांनी हा आकडा कमावण्याची सोय नाही. जन्माच्या क्षणी फासा पडला तो पडला.

क्लेरिकच्या शिडीचेही तेच. 1978 च्या नियमांत मानव कितीही वर चढू शकतो. अर्ध-ऑर्क क्लेरिक मात्र चौथ्या पायरीवर थांबतो. लढवय्या झाला तर दहाव्यावर. त्याला शेवटपर्यंत मोकळा असलेला एकच धंदा: मारेकऱ्याचा. आणि एल्फ, ड्वॉर्फ, नोम, हाफलिंग या सगळ्या मानवेतरांना कोणत्याही मर्यादेविना वाढता येईल असा एक धंदा नियमपुस्तकाने न चुकता ठेवला आहे: चोराचा. स्त्रीपात्रांच्या ताकदीला वेगळी कमाल मर्यादा होती, तेही जाता जाता नोंदवून ठेवू.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1920 मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली: ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. या खेळात शिडी आहे, हे मान्य केले पाहिजे. इथे कोणी जन्मतः पेट्रिआर्क नसतो. अकोलाइटपासून सगळ्यांना सुरुवात करावी लागते. तेवढ्यापुरता हा खेळ मनुस्मृतीपेक्षा बरा. पण काहींची शिडी छतापर्यंत जाते आणि काहींची चौथ्या पायरीला कापलेली असते, तेव्हा त्या शिडीला समान संधी म्हणायचे नसते. तिला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे असते.

"मध्ययुगीन युरोप तसाच होता, खेळात तेच दिसणार," असा बचाव केला जातो. मध्ययुगीन युरोपात आग ओकणारे ड्रॅगन होते काय? हवेत उडणारे जादूगार होते काय? कल्पनेला ड्रॅगन पेलतो, पण अर्ध-ऑर्क बिशप पेलत नाही, हा कल्पनेचा दोष नव्हे. कल्पना करणाऱ्याच्या मनातल्या उतरंडीचा तो दोष आहे.

आणखी एक नियम वाचा. पॅलाडिनच्या हातून शिस्त मोडणारे कृत्य घडले, तर त्याने किमान सातव्या पायरीच्या सत्प्रवृत्त क्लेरिकपुढे जाऊन पापाची कबुली द्यायची आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यायचा. तलवार योद्ध्याच्या हातात, पण त्या योद्ध्याचे पाप-पुण्य पुरोहिताच्या हातात. क्षत्रियाने लढावे आणि ब्राह्मणाने त्याची शुद्धी करावी, ही रचना ज्यांनी वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांच्या वाट्याला आलेली पाहिली, त्यांना हा नियम परका वाटणार नाही.

देवाचा योद्धा, राजवाड्याचा माणूस

'पॅलाडिन' हा शब्दच खोलून पाहू. रोममध्ये पॅलेटाइन नावाची टेकडी आहे. तिच्यावर सम्राटांचे वाडे होते. त्या टेकडीच्या नावावरून 'पॅलेस', आणि पॅलेसमधला तो 'पॅलाटिनस', म्हणजे दरबारी अधिकारी. त्याच शब्दाचा पुढे झाला पॅलाडिन. ज्याला आपण देवाचा योद्धा समजतो, तो नावापुरता तरी राजवाड्याचा नोकर आहे. शब्दाच्या पोटात इतिहास दडलेला असतो, तो असा.

कथाकाव्यांतले पॅलाडिन म्हणजे फ्रँकांचा राजा शार्लमेन याचे बारा सरदार. त्यातला सर्वांत प्रसिद्ध रोलाँ. त्याच्यावरचे जुने फ्रेंच महाकाव्य इ.स. 1100 च्या आसपासचे. त्यात रोलाँ मुसलमानांच्या अफाट सैन्याशी लढता लढता रोन्सव्हो खिंडीत धारातीर्थी पडतो. त्याच्या शेजारी टर्पिन नावाचा आर्चबिशप हातात शस्त्र घेऊन लढतो. खेळातले लढणारे धर्मगुरू आणि पॅलाडिन दोघेही या मातीतले. पॅलाडिनला खेळात आणणारा दुवा होता पोल अँडरसन यांची 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ही 1961 ची कादंबरी.

आता इतिहास काय सांगतो? शार्लमेन 778 मध्ये स्पेनमध्ये गेला तो धर्मयुद्धासाठी नव्हे. बार्सिलोनाच्या मुसलमान सुभेदाराने कोर्दोबाच्या मुसलमान अमिराविरुद्ध त्याला मदतीला बोलावले होते. मोहीम फसली. परतताना त्याने पॅम्प्लोना या बास्क लोकांच्या शहराची तटबंदी पाडली. त्यानंतर डोंगरातल्या बास्कांनी खिंडीत त्याची पिछाडी कापून काढली. त्यात रोलाँ मेला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड हल्लेखोरांना बास्कच म्हणतो. तीनशे वर्षांनंतर काव्यात ते सगळे मुसलमान झाले. आपल्या शहराची भिंत पाडणाऱ्या राजाला धडा शिकवणारे डोंगरी लोक गोष्टीतून नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी धर्माचा शत्रू आला.

हे वाचताना आपल्याला 'गुलामगिरी' आठवते. 1873 मध्ये जोतीरावांनी तो ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. त्यात त्यांनी दशावताराच्या कथा उलट्या करून वाचल्या. ज्यांना राक्षस म्हटले ते इथले मूळचे लोक, आणि बळी हा पाताळात गाडण्याजोगा दैत्य नव्हे, तो प्रजेचा राजा. जेत्यांची गोष्ट वाचताना विचारायचा पहिला प्रश्न जोतीरावांनी आपल्याला शिकवला: यात राक्षस कोणाला केले आहे?

शार्लमेनच्याच राज्यात 782 मध्ये व्हेर्डेन येथे एका दिवसात 4500 सॅक्सनांची मुंडकी उडवल्याची नोंद खुद्द फ्रँकांच्या राजदरबारी इतिहासात आहे. बाप्तिस्मा नाकारून लपून राहणाऱ्या सॅक्सनाला मृत्युदंड, असा कायदाही त्याच काळातला. पॅलाडिन या शब्दाचा चकचकीत चिलखताखालचा रंग हा आहे.

जन्मतः दुष्ट

1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात प्रत्येक वंशापुढे त्याची नैतिक वृत्ती छापलेली आहे. ऑर्क: दुष्ट. एखादा ऑर्क नव्हे, ऑर्क म्हणून जन्मलेला. मग या खेळात एक प्रश्न वारंवार उभा राहिला. लढाई संपली, ऑर्कांची पोरे हाती लागली. सत्प्रवृत्त पॅलाडिनने त्यांचे काय करायचे?

2005 मध्ये खेळाडूंच्या प्रश्नांना उत्तरे देताना गायगॅक्सने असा कैद्यांचा वध पॅलाडिनच्या सद्‌वृत्तीत बसतो अशी बाजू घेतली. तसे करताना त्याने कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या नावावर असलेल्या एका कुप्रसिद्ध वचनाचा आधार घेतला. लिखा राहू दिल्या तर उद्या त्यांच्याच उवा होतात, असा त्या वचनाचा अर्थ.

हा चिव्हिंग्टन कोण? तो मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक होता. 29 नोव्हेंबर 1864 रोजी कोलोरॅडोमधील सँड क्रीक येथे त्याच्या सैनिकांनी शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. छावणीवर अमेरिकेचा झेंडा फडकत होता. मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीने त्याचा निषेध केला, पण त्याला शिक्षा कधीच झाली नाही. धर्मगुरू आणि योद्धा एकाच अंगात असलेला हा माणूस खेळातला नव्हता, हाडामांसाचा होता.

काल्पनिक ऑर्कांचा प्रश्न सोडवायला खऱ्या आदिवासींच्या कत्तलीचे वचन का आठवावे? कारण विचार एकच आहे: दुष्टपणा रक्तात असतो, म्हणून मूल मारणे हा न्याय. या विचाराचा कायदा आपल्याकडेही होता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्मलेल्या पोराला पाळण्यातच गुन्हेगार ठरवणारा. तो 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पण आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालावर जाते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

देवांची उतरंड आणि नास्तिकांची भिंत

माणसांची उतरंड झाली, मग देव तरी कसे सुटतील? 1980 च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांच्या रांगेत इंद्र, अग्नी, विष्णू, काली, यम यांनाही हिट पॉइंट देऊन बसवले आहे. हिट पॉइंट आहेत, म्हणजे ते संपवताही येतात. 2002 मध्ये त्याच नावाच्या नव्या पुस्तकात देवांना अधिकृत दर्जे आले: 1 ते 5 उपदेव, 6 ते 10 कनिष्ठ, 11 ते 15 मध्यम, 16 ते 20 श्रेष्ठ, आणि त्यावर महादेव. देवांचीही वेतनश्रेणी.

पण आम्हाला सर्वांत बोलकी वाटते ती 'फरगॉटन रिअल्म्स' या जगातली भिंत. त्या जगात देवांची ताकद भक्तांच्या संख्येवर आणि भक्तीवर ठरते. आणि जो कोणत्याच देवाला मानत नाही, तो मेल्यावर मृतांच्या नगरीच्या भिंतीत चिणला जातो, हळूहळू विरघळून जाण्यासाठी. चांगला वागला की वाईट, हा प्रश्नच नाही. त्या जगात तथागताची जागा भिंतीत आहे. जोपर्यंत भक्त आहेत तोपर्यंतच देव, हे मान्य करणाऱ्या व्यवस्थेला भक्ती नाकारणारा माणूसच सर्वांत मोठा गुन्हेगार वाटतो. यात नवल नाही. ग्राहकच उठून गेला तर दुकान चालणार कसे?

नियम बदलतात, बदलावे लागतात

आता या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे सगळे नियम बदलले. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत वंशावरून घातलेली बंदी आणि पायऱ्यांची मर्यादा गेली. अर्ध-ऑर्क पॅलाडिन होऊ शकला. 2014 च्या आवृत्तीत पॅलाडिनची शक्ती त्याने घेतलेल्या शपथेवर उभी राहिली. 2020 मध्ये ऑर्कांचे चित्रण वांशिक पूर्वग्रहांची आठवण करून देते, हे प्रकाशकांनी जाहीरपणे मान्य केले. त्याच वर्षी दुरुस्तीपत्रकातून त्या भिंतीचा उल्लेख गाळण्यात आला. 2024 मध्ये नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्दच हटवला गेला.

आणि जग बुडाले नाही. खेळ बंद पडला नाही. एकाही देवाने आकाशातून तक्रार केली नाही. कारण नियम देवाचे नव्हतेच. सर फँगला आवरण्यासाठी माणसांनी पुरोहित घडवला होता. माणसांनीच त्याचे नियम पुन्हा लिहिले.

बाबासाहेबांनी हे 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये सांगून ठेवले होते. पुरोहितशाही नष्टच व्हावी. ती होत नसेल तर निदान वंशपरंपरागत तरी राहू नये. कोणाही हिंदूला परीक्षा देऊन पुरोहित होता यावे, सरकारी सनद असावी, संख्या कायद्याने ठरवावी, आणि इतर नोकरांसारखा पुरोहितही शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र असावा. खेळाच्या प्रकाशकांना नियमपुस्तक दुरुस्त करायला पन्नास वर्षे पुरली. आपल्याकडे केरळच्या त्रावणकोर देवस्वममध्ये 6 दलित पुजाऱ्यांची निवड व्हायला 2017 उजाडावे लागले, आणि ती देशभर बातमी झाली. बातमी होते, यातच सगळे आले.

धर्मातला दर्जा जन्माविना ठरू शकतो, हे तर याआधी अडीच हजार वर्षे सिद्ध झाले आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्याआधी उपाली न्हाव्याला दीक्षा देण्यात आली, म्हणजे संघात तो ज्येष्ठ ठरला आणि राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचेच, पठण याच उपालीने केले. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याच्या हाती नियमपुस्तक आले.

तेव्हा तरुण मित्र-मैत्रिणींनो, खेळा. जरूर खेळा. आम्ही खेळावर बंदी मागणाऱ्यांतले नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कर्मठ ख्रिस्ती मंडळींनी याच खेळाला सैतानाचा खेळ ठरवून काहूर माजवले होते. त्यांच्या रांगेत आपण उभे राहायचे नाही. पण पात्र निवडताना प्रश्न विचारा. हा दर्जा कोणी दिला? कोणाला नाकारला? यात राक्षस कोणाला केले आहे, आणि त्याच्या पोरांचे काय झाले? गोष्ट सांगण्याची पाळी तुमच्यावर आली, तर बास्कांच्या बाजूने खिंडीत उभे राहून ती सांगा. आणि टेबलावरून उठल्यावर हेच प्रश्न देवळाच्या गाभाऱ्याला, गावच्या पंचायतीला आणि पाठ्यपुस्तकाला विचारा.

नियमपुस्तक माणसांनी लिहिलेले असते. जो ते वाचतो तो खेळतो. जो ते तपासतो तोच ते बदलतो.

जय भीम!